दसऱ्याच्या उन्हातलं सिलिंडर हेड

ऑक्टोबर लागला की मला कुणाला तरी एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटते. कुणाला, ते ठरलेलं नसतं. रिक्षावाला, दूधवाला, मोबाइलवर मोठ्याने बोलणारा शेजारी, जो पहिला आडवा येईल तो. माझ्या नवऱ्याने हे लग्नानंतर लवकरच ओळखलं आणि तेव्हापासून घट बसले की तो माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलतो. लोक या दिवसांना शरद ऋतू म्हणतात, चांदणं म्हणतात, मसाला दूध म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या बदलापुरात ऑक्टोबर म्हणजे उन्हाने केलेली मारहाण असते. पाऊस नुकताच गेलेला, जमीन आतून ओली आणि वरून असा तडाखा की मातीतून वाफ निघावी. पावसाळाभर माजलेलं गवत आठवड्याभरात करपून जातं. नदीकाठचा चिखल तडकतो आणि त्याच्या खपल्या पायाखाली काचेसारख्या मोडतात. या सगळ्यावर कळस म्हणून बाजारात झेंडूचे ढीग येऊन पडतात.

आज सकाळी मी तोच झेंडू घेऊन येत होते. मागून एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल गेली. हल्ली त्या फारशा दिसत नाहीत. ताशासारखा कडकडीत आवाज आणि मागे निळ्या धुराचा पट्टा. झेंडूचा वास आणि जळक्या ऑइलचा वास एकत्र नाकात गेला आणि मी भर रस्त्यात थांबले. मागून येणारी बाई माझ्यावर आदळली आणि वर मलाच शिव्या देऊन गेली. मी पण दिल्या. घरी येऊन पिशवी ओट्यावर आपटली आणि ठरवलं की यंदा हे सगळं लिहून काढायचं, म्हणजे निदान माझ्या नवऱ्याला तरी कळेल की तो दर वर्षी कोणाच्या वाट्याचा मार थोडक्यात चुकवतो.

तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. हेंद्रेपाड्यात दुसऱ्या मजल्यावर आई, दादा आणि मी राहायचो. मी अंबरनाथच्या आयटीआयमधून टर्नरचा कोर्स केला होता, म्हणजे लेथवर धातू कापायचं काम. वर्गात मुलगी मी एकटीच. पास झाल्यावर एमआयडीसीतल्या ज्या ज्या कंपनीत गेले तिथे मला पॅकिंगला बसवलं. एका साहेबाने विचारलं होतं, “मशीनमध्ये केस अडकले तर?” त्याला स्वतःला पूर्ण टक्कल होतं, त्यामुळे केसांची काळजी त्याला असणं साहजिकच होतं. खोक्यांवर चिकटपट्ट्या लावून लावून माझी बोटं सोलवटली आणि डोकं त्याहून जास्त. शेवटी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये परसूभाईच्या गाळ्यात मला लेथ मिळाली.

परसूभाई सिंधी, पन्नाशीचा, पोट सुटलेला, आवाज मात्र बारीक. दादाच्या गाडीची सगळी कामं तो करायचा आणि वयाचं अंतर असूनही दोघे जिवलग दोस्त होते. पहिल्या दिवशी त्याने मला एकच प्रश्न विचारला. “चक में चाबी छोड़ के मशीन चालू करेगी क्या?”

मी म्हटलं, “नाही.”

“बस. बाकी मैं सिखा दूँगा.”

चक म्हणजे लेथचा जबडा. तीन दात असतात त्याला, कापायची वस्तू त्यात चावीने आवळून धरायची आणि गरागरा फिरवायची. ती लेथ माझ्या आईपेक्षा वयाने मोठी होती, तिचा रंग कधीचा उडाला होता, पण मी तिच्यापुढे उभी राहिले की माझ्याकडे कुणी केस, लग्न, वय यातलं काही विचारत नसे. आयुष्यात पहिल्यांदा मला एक जागा मिळाली होती जिथे माझा राग कामाला येत होता. ती जागा जाऊ नये एवढीच तेव्हा माझी देवाकडे मागणी होती.

दादा अंबरनाथला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा आणि उरलेला सगळा जन्म त्याने त्या टू-स्ट्रोक गाडीला वाहिला होता. पाऊस संपला की बदलापूरच्या पुढे एका माळावर मातीतल्या शर्यती लागायच्या. चिखल वाळलेला पण धूळ अजून न झालेली, अशी माती फक्त त्याच दिवसांत मिळते. दादा तिथे दर वर्षी पडायचा, सोलून घ्यायचा, कुणाशी तरी हाणामारी करायचा आणि खूश होऊन घरी यायचा.

इंजिनांतही स्वभाव असतात. आजकालच्या गाड्यांचं फोर-स्ट्रोक इंजिन सभ्य. एकदा भडकतं, मग एक फेरा नुसता श्वास घेण्यात घालवतं. टू-स्ट्रोकला ती उसंत माहीत नाही. पिस्टन वर आला की स्फोट, पुन्हा वर आला की पुन्हा स्फोट. आमचं घराणं त्याच जातीचं. बाबा गेले ते रेशनच्या रांगेत भांडता भांडता गेले. दादा तसाच, मीही तशीच. आई तेवढी आमच्यात फोर-स्ट्रोक, म्हणून घर चाललं.

हा स्फोट ज्या झाकणाखाली होतो ते झाकण म्हणजे सिलिंडर हेड. कंपनीने दिलेलं हेड दूध-पाव आणायला ठीक असतं. दादाला शर्यतीसाठी वेगळं हवं होतं, आतली पेट्रोलची वाफ जास्त आवळून धरणारं, म्हणजे स्फोटाचा दणका मोठा. तसं बाजारात मिळत नाही, बनवावं लागतं. परसूभाईने कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमचा एक गोल ठोकळा आणला, तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढा. तो माझ्यापुढे ठेवून म्हणाला, “ले, इसका सिर बना.”

धातू कापणं हे नाजूक काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते लांबून पाहिलेलं असतं. ठोकळा फिरायला लागतो, टूल पुढे जातं आणि पहिला घाव बसतो तेव्हा अख्खी मशीन किंचाळते. गरम कीस उडून मानेवर चिकटतो आणि चटका देऊन खाली पडतो. अ‍ॅल्युमिनियम तर फार चिवट, टूलला लोण्यासारखं थापलं जातं, म्हणून वरून रॉकेल सोडत राहावं लागतं. त्या ऑक्टोबरात गाळ्याचा पत्रा असा तापलेला असायचा की रॉकेलची वाफ डोळ्यांत जाऊन मी दिवसभर रडल्यासारखी दिसायचे. थंड राहण्यासाठी हेडला बाहेरून पंखे असतात, एकाखाली एक पातळ चकत्या. ते पंखे कापताना एकदा टूल आत अडकलं, तुटलं, माझ्या कानाजवळून गेलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये घुसलं. परसूभाई शांतपणे उठला, कॅलेंडर निरखून पाहिलं आणि म्हणाला, “एकादशी को लगा. बच गई तू.”

मला त्या कामात फार सुख मिळायचं, हे लपवत नाही. एकेक घाव घालताना मी एकेक तोंड आठवायचे. टक्कलवाला साहेब. मला बघायला येऊन “लेथ सोडणार ना?” असं विचारून गेलेला मुलगा. पॅकिंगमधली ती सुपरवायझर. सगळे त्या ठोकळ्यावरून सोलून निघाले आणि आतून एक चकचकीत, गोल घुमटाचं हेड बाहेर आलं. आतल्या घुमटाला मी सुती फडक्याने इतकं घासलं होतं की त्यात माझं तोंड दिसायचं, उलटं.

या हेडमध्ये एक गोष्ट जिवावरची असते. पिस्टन अगदी वर येतो तेव्हा हेडच्या कडेशी तो जवळजवळ टेकतो, पण टेकत नाही. मधे लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याएवढी फट राहते. फट जास्त राहिली तर ताकद जाते. कमी राहिली तर पिस्टन हेडवर आदळतो आणि मग खेळ संपतो. ही फट मोजायची रीत साधी आहे. स्पार्क प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार आत सोडायची, हाताने इंजिन फिरवायचं, पिस्टनने चेपलेली तार बाहेर काढून तिची जाडी पाहायची. आधी एका बाजूला, मग बरोबर समोरच्या बाजूला. दोन्हीकडे सारखी आली पाहिजे. माझी सारखी आली. परसूभाईने दोन्ही तारा उजेडात धरल्या आणि बारीक आवाजात म्हणाला, “साईं, सोना है सोना.” तेव्हा खंडेनवमी तोंडावर आली होती.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात, पण परसूभाईसारखी करताना मी कुणाला पाहिलं नाही. तो लेथला अक्षरशः आंघोळ घालायचा. रॉकेलने धुवायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा, कुंकवाचं स्वस्तिक काढायचा, हारांनी मढवायचा. मग चक उघडून तिन्ही दातांच्या मधे हळदीच्या अक्षता भरायचा, चांगल्या ओंजळभर. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, “साल भर लोहा खाती है बेचारी. एक दिन चावल खाएगी.” आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पूजा उतरवायची ती त्यानेच. चकचे दात एकेक बाहेर काढायचे, ब्रशने झाडायचे, फुंकर मारायची, रिकामी मशीन थोडा वेळ फिरवायची. तोवर कुणीही हात लावायचा नाही. त्या दिवशी पत्र्यावर ऊन नुसतं आदळत होतं आणि आत झेंडू, रॉकेल आणि उदबत्तीचा असा वास कोंडला होता की डोकं गरगरावं.

दसऱ्याच्या सकाळी दादा आला. शर्यत दुसऱ्या दिवशी होती. हेड त्याच्या पिशवीत होतं. त्याने ते बाकावर ठेवलं आणि म्हणाला, “अजून थोडं घास. तोंडाकडची बाजू. दाब कमी वाटतोय.”

“दाब बरोबर आहे,” मी म्हटलं. “मोजलाय.”

“तू मोजलायस. गाडी मी चालवतो.”

परसूभाई हार सारखे करत होता. म्हणाला, “आज नहीं भाई. पूजा उतरने दे. शाम को मैं खुद कर दूँगा.”

“शामला काय उपयोग? गाडी कधी बांधू मी, उद्या मैदानात?”

“तो मत घिस. लड़की ने बराबर बनाया है.”

दादाचं डोकं तिथेच फिरलं. बराबर हा शब्द त्याला कधीच सोसला नाही. तो लेथकडे निघाला, परसूभाई आडवा आला आणि दादाने त्याला दोन्ही हातांनी ढकललं. परसूभाई गर्रकन फिरून लेथच्या पत्र्याच्या ट्रेवर तोंडावर पडला. हनुवटी फुटली. रक्त हारांवर उडालं. तो उठला आणि बाहेरच्या नळाकडे गेला. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही, सभ्य नव्हतं एवढं आठवतं. दादाने हार ओरबाडून काढले, चकमधल्या अक्षता बोटांनी खरवडून खाली सांडल्या, हेड त्यात बसवलं आणि चावीला पाइप लावून अंगातल्या सगळ्या जोराने आवळलं आणि मशीन चालू केली. मी स्विच बंद करायला हात घातला तर त्याने कोपर मारलं. मी त्याच्या दंडाला चावले. खरंच चावले, दात उमटले. त्याने एका हाताने मला भिंतीशी दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने हेड घासून काढलं.

“डायलचा काटा लाव, सरळ बसलंय का बघ,” मी भिंतीपासून ओरडले.

“गप.”

गाडी बाहेरच उभी होती. त्याने हेड चढवलं, सोल्डरची तार आत सोडली, एकाच बाजूला, काढून पाहिली आणि माझ्या तोंडापुढे नाचवली. “ही बघ. भरपूर जागा आहे.”

“दुसरी बाजू बघ.”

त्याने किक मारली. त्या आवाजात माझं वाक्य कुठे गेलं ते मलाच कळलं नाही. आणि खोटं कशाला सांगू, आवाज जबरदस्त होता. कॅम्पातली कुत्री शेपट्या घालून गाळ्यांच्या मागे पळाली.

दुसऱ्या दिवशी तो अंबरनाथला शिवमंदिरात नारळ फोडून मैदानावर आला. मी त्याच्याशी बोलत नव्हते, पण गेले होते. माझ्या हातचं हेड चालताना मला बघायचं होतं. माळावर सावली नावाला नव्हती. गाड्या सुटल्या आणि मातीचे लचके उडायला लागले. दादा पहिल्या वळणालाच पुढे गेला. काय चालवत होता तो, बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती. माझा राग क्षणभर पार विरघळला. मी इतरांसारखीच उड्या मारत होते.

मग मला ते ऐकू आलं. बाकी कुणाला आलं नसेल. त्या सगळ्या कडकडाटाच्या आत एक बारीक, कोरडी टिकटिक, कुणी नखाने पातेलं वाजवावं तशी. पिस्टन हेडला शिवत होता. मी कुंपणाच्या दोरीवरून वाकून “दादा, सोड! सोड!” असं किंचाळले. तो समोरून गेला तेव्हा हसत होता. पुढच्या सरळ पट्ट्यात त्याने पूर्ण गॅस दिला आणि इंजिन सीज झालं, मधल्या मधे गोठलं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. गाडी आडवी झाली, दादा पुढे फेकला गेला, गाडी उलटी होऊन त्याच्या पायावर आली आणि मागून येणाऱ्याला थांबायला वेळच मिळाला नाही. हाड मोडल्याचा आवाज मी दोरीपाशी उभी राहून ऐकला. मी पोहोचले तेव्हा दादाचा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता आणि तो बेशुद्ध पडण्याऐवजी शिव्या देत होता.

पायात सळी घातली. गुडघा आता पूर्ण वाकणार नाही, गाडी विसरा, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं आणि आईने ते दादाला सांगायचं काम माझ्याकडे दिलं. मी सांगितलं. दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “परसूची मशीन वाकडी आहे. त्या भंगाराने माझा पाय खाल्ला.”

मी इंजिन कॅम्प चारला नेऊन उघडलं. पिस्टनच्या माथ्यावर एकाच बाजूला चंद्रकोरीसारखी जागा ठोकून चकाकत होती. समोरची बाजू काळी, तिथे काही शिवलंच नव्हतं. म्हणजे हेडचं तोंड तिरकं घासलं गेलं होतं. का, ते हेड उलटं केल्यावर दिसलं. चकच्या दोन दातांचे ठसे पाठीवर लख्ख उमटले होते. तिसऱ्याचा ठसा धड नव्हताच, आणि तिथे काहीतरी करपून चिकटलेलं होतं. दसऱ्याच्या त्या सकाळनंतर लेथला कुणी हात लावला नव्हता. मी चकचा तो दात बाहेर काढला. त्याच्या खाचेत पिवळ्या पिठाची वडी घट्ट बसली होती. हळद लावलेला तांदूळ, चिरडून भुगा झालेला. त्याच्यावर हेड केसभर तिरकं बसलं होतं आणि तेवढंच पुरलं होतं.

परसूभाई हनुवटीला टाके घालून शेजारी उभा होता. त्या पिठाकडे बघून म्हणाला, “डाला तो मैंने था.”

“तुम्ही डालला म्हणून काय झालं? काढायचा कुणी होता? तुम्हाला काढू दिला का त्याने?” मी त्याच्यावरच ओरडले. त्याच्यासारख्या माणसांचा मला फार राग येतो. स्वतःचं रक्त सांडलं तरी स्वतःलाच दोष देत बसतात.

घरी जाऊन दादाला सगळं सांगितलं, तो दात, ते पीठ पुढे ठेवलं. तो हसला. “भाताच्या दाण्याने माझा पाय मोडला? जा, सांग लोकांना.” आणि पाण्याचा स्टीलचा पेला भिंतीवर फेकला. लोकांना सांगायचं काम तो स्वतःच करत होता, पलंगावर पडल्या पडल्या, फोनवरून. शर्यतीची सगळी पोरं, अंबरनाथचे गॅरेजवाले, कल्याणपर्यंतचे ओळखीचे. परसूची लेथ वाकडी आहे, तिथे काम देऊ नका, जीव जाईल. टर्नरच्या धंद्यात एवढं वाक्य बस होतं. दिवाळीपर्यंत गाळ्यात गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. मी रोज जायचे, लेथ पुसायचे आणि परत यायचे. एक दिवस परसूभाई म्हणाला, “बेच देता हूँ इसको. मिक्सर-पंखे रिपेअर का काम डालूँगा.” तो लेथबद्दल बोलत होता, पण मला वाटलं माझंच काहीतरी कापून नेतायत. मला पुन्हा खोकी दिसायला लागली, चिकटपट्ट्या दिसायला लागल्या.

तो ऑक्टोबर संपतच नव्हता. कॅलेंडरवर नोव्हेंबर आला तरी ऊन तसंच अंगावर धावून येत होतं. अशाच एका दुपारी दादा कुबड्या घेऊन रिक्षाने थेट गाळ्यावर आला. लेथ विकायची ठरली हे त्याला कळलं होतं आणि त्याने त्याचं समाधान झालं नव्हतं. त्याने बाकावरचा हातोडा उचलला, एका कुबडीवर तोल धरला आणि लेथवर घाव घातला. हँडल मोडलं. दुसरा घाव चकवर, ठिणगी उडाली. परसूभाई दारात उभा राहून “रहने दे, मारने दे” म्हणत होता. मला ते ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. मी दादाची दुसरी कुबडी उचलली आणि त्याच्या पाठीत हाणली. दोन्ही हातांनी. तो त्याच पायावर पडला आणि असा ओरडला की शेजारच्या गाळ्यातल्या मशिनी थांबल्या.

परसूभाईने धावत जाऊन त्याला उठवलं, मांडीवर डोकं घेतलं, पाणी पाजलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “बड़े भाई को मारा? घर जा तू.”

मला मारल्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. राग वाईट असतो असं सांगणारे लोक मला आयुष्यभर भेटले, बहुतेक सगळे पंख्याखाली बसलेले होते. त्या दिवशी मी मारलं नसतं तर लेथचा चुरा झाला असता. वाईट याचं वाटलं की त्या मारण्याने काहीच सिद्ध झालं नाही. दादा पलंगावर पडून आता दोन गोष्टी सांगत होता, मशीन वाकडी आणि बहीण फितूर. आई दोन खोल्यांत दोन ताटं वाढायची आणि स्वतः स्वयंपाकघरात उभ्याने जेवायची. मग मला कळलं की या माणसाला तोंडाने सांगून उपयोग नाही. त्याला फक्त एक भाषा कळते आणि ती प्लगच्या खाली जन्माला येते.

मी परसूभाईकडे गेले. म्हटलं, “विका मशीन, पण त्याआधी मला एक हेड बनवू द्या. तेच माप, तीच लेथ.” मोडलेलं हँडल त्याने वेल्डिंग करून आणलं, भंगारवाल्याकडून तसाच ठोकळा आणला आणि मी कापत होते तेवढे दिवस स्टुलावर बसून रॉकेल सोडत राहिला. या वेळी मी कुणाचंही तोंड आठवलं नाही. चक उघडून प्रत्येक दात धुतला. सोल्डरची तार दोन्ही बाजूंनी घातली, दोन्हीकडे सारखी आली. नवा पिस्टन घालून गाडी बांधली आणि टेम्पोत टाकून हेंद्रेपाड्याला आणली.

भर दुपारी आमच्या खिडकीखाली गाडी स्टँडवर लावली आणि किक मारली. इंजिन पहिल्या किकलाच भडकलं. मी गॅस वाढवत नेला आणि पूर्ण उघडून धरून ठेवला. निळा धूर पहिल्या मजल्यापर्यंत चढला. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या, झोपलेली पोरं रडायला लागली, समोरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, “अगं ए, वेड लागलं का तुला?” वरून कुणीतरी पाणी फेकलं, ते हेडवर पडून फस्सकन उडून गेलं. मी मूठ सोडली नाही. एवढ्या वेगात पिस्टन हजारदा वर येत होता आणि हजारदा केसभर अलीकडून परत जात होता. टिकटिक कुठेही नव्हती. मला त्याला त्रासच द्यायचा होता. त्याने कान झाकले तरी भिंतींतून, पलंगाच्या लोखंडातून, पायातल्या सळीतून ते त्याला ऐकायला लागावं असं मला वाटत होतं.

दादा खाली आला. कुबड्या न घेता आला, जिन्याच्या एकेका पायरीवर बसत, पाय पुढे ओढत. शेवटच्या पायरीवरून गाडीपर्यंत भिंतीला धरून लंगडत आला. मला वाटलं आता हा गाडी लाथेने पाडणार, आणि मी दुसरा हात मोकळा करून तयार राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मान तिरकी करून तो ऐकत राहिला. मग त्याने उजवा तळवा सरळ त्या तापलेल्या हेडवर ठेवला. कातडी चरचरली, वास आला. त्याने हात काढला नाही. पिस्टन खालून कसा येतोय ते तो तळव्याने बघत होता आणि त्याचे डोळे घळाघळा वाहत होते. मी त्याचं मनगट धरून हात ओढून काढला तेव्हा तळव्यावर पंख्यांच्या रेघा उमटल्या होत्या.

“परसूला फोन लाव,” तो म्हणाला.

मी एका हाताने लावला आणि त्याच्या कानाला धरला. इंजिनाच्या आवाजावर त्याला ओरडावंच लागलं, त्यामुळे जे तो कुजबुजत बोलला असता ते सगळ्या हेंद्रेपाड्याने ऐकलं. “परसू! तेरी मशीन सीधी थी! हाथ मेरा टेढ़ा था! सुना क्या? मशीन सीधी थी! मी सगळ्यांना सांगतो, सगळ्यांना!”

पलीकडून परसूभाईचा बारीक आवाज आला, इतका चिरका की मलाही ऐकू आला.

“अरे गधे, पहले उसको बंद कर! खड़ी गाड़ी को इतना कौन भगाता है? सीज़ हो जाएगा लड़की का काम!”

मी इंजिन बंद केलं.